विद्युत् गिटार

पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करून व ते विवर्धकामार्फत वाढवून ध्वनिक्षेपकातून ऐकविणारे आधुनिक तंतुवाद्य. साध्या गिटारमध्ये तारांची कंपने घोडीतून लाकडी पेटीत उतरतात आणि पेटीचा वरचा पातळ फळा हवेला आंदोलित करून नाद मोठा करतो. विद्युत् गिटारमध्ये हे काम पेटीकडे राहत नाही. त्यामुळे वाद्याचा घाट, तारांची लांबी व घोडीची रचना यांबाबत निर्मात्यांना मोठे स्वातंत्र्य मिळाले. त्यातून १९५० ते १९५८ या काळात अमेरिकेत जे मोजके नमुने सिद्ध झाले, त्यांच्या अनुकरणाने वा मिश्रणाने पुढील बहुतेक गिटारी बनल्या आहेत. या नमुन्यांच्या नादातील भेदाचे श्रेय लोकसमजुतीत लाकूड, वाद्याचे वय वा निर्मात्याचे नाव यांना दिले जाते. प्रत्यक्षात तो भेद मुख्यत्वे पिकअपची घडण व जागा, तारेची कंपनक्षम लांबी आणि घोडीची रचना या मोजता येण्याजोग्या गोष्टींतून उद्‌भवतो.

पूर्वेतिहास : जॉर्ज बोशँ (१८९९–१९४१) याने १९३१ मध्ये पहिली उपयुक्त चुंबकीय गिटार तयार केली. अडॉल्फ रिकनबॅकर याच्या सहकार्याने १९३२ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची व लांब दांडीची ही गिटार तिच्या आकारामुळे ‘तव्या’च्या नावाने ओळखली गेली. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवून हवाइयन पद्धतीने वाजवीत. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही पोकळ पेटीची गिटार बाजारात आणली आणि चार्ली क्रिश्चन (१९१६–४२) या जॅझवादकाने तिच्या साहाय्याने गिटारला वाद्यवृंदात एकलवादनाचे स्थान मिळवून दिले. मात्र आवाज फार वाढविल्यास ध्वनिक्षेपकाच्या नादाने पोकळ पेटी स्वतःच कंप पावे व वाद्य घुमू लागे. हा दोष टाळण्यासाठीच भरीव अंगाच्या गिटारीचा विचार पुढे आला.

पिकअपचे कार्य : पिकअप म्हणजे कायम चुंबक व त्याभोवती हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. पिकअप हवेतील नाद ऐकत नाही; तो आपल्यावरील तारेची हालचाल टिपतो. म्हणून त्याच्या जागेला फार महत्त्व असते. घोडीजवळ तारेच्या मूलस्वराचे दोलन अल्प असते व उच्च संनादी स्वर तुलनेने प्रबळ असतात. तेथील नाद पातळ व धारदार येतो. दांडीकडे सरकावे तसा मूलस्वर बळावतो व नाद भरदार, मऊ होतो. ज्या संनादी स्वराचा निस्पंद बिंदू पिकअपच्या बरोबर वर येतो, तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही, उदा., घोडीपासून तारेच्या एक-चतुर्थांश अंतरावर असलेला पिकअप मोकळ्या तारेचा चौथा संनादी स्वर टिपत नाही. डाव्या हाताचे बोट पडद्यावर टेकताच तारेची लांबी बदलते आणि हा हिशेबही बदलतो.

एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरगुती वीजपुरवठ्याच्या तारांतून व रोहित्रांतून येणारी गुणगुण मिसळते. तिच्या निवारणासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर (१९१०–९७) याने १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांचा ‘हंबकर’ पिकअप सिद्ध केला. त्यातील दोन वेटोळ्यांची गुंडाळी व चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे तारेचे संकेत एकमेकांत मिळतात, तर बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदते. मात्र दोन वेटोळी तारेचा अधिक रुंद भाग व्यापतात, त्यामुळे अतिउच्च संनादी स्वर क्षीण होतात. तसेच प्रवर्तकत्व वाढल्याने पिकअपचे अनुस्पंदन खालच्या कंप्रतेला येते. जोडतारेसह हे अनुस्पंदन एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये सामान्यतः ३ ते ५ किलोहर्ट्‌झ, तर हंबकरमध्ये २ ते ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास असते. पहिल्याचा नाद ‘खणखणीत’ व दुसऱ्याचा ‘जाड’ वाटतो, याचे हेच कारण होय.

प्रमुख नमुने : कॅलिफोर्नियातील लीओ फेंडर (१९०९–९१) याने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारीस १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले. सपाट भरीव फळी व तिला स्क्रूंनी जोडलेली मेपलची दांडी अशी तिची रचना आहे. ही जोडणी उत्पादन व दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून स्वीकारली होती. घोडीजवळचा तिरपा पिकअप पोलादी पट्टीत बसविलेला असून त्याचा नाद टोकदार व प्रत्येक आघात स्पष्ट दाखविणारा असतो. म्हणून लोकसंगीताच्या ‘कंट्री’ शाखेत तिला विशेष मान आहे. मूळ रचनेत सहा तारांना मिळून तीनच आधार होते, त्यामुळे सर्व तारा वरच्या पडद्यांवर अचूक सुरात मिळविणे कठीण जाई.

फेंडरच्याच ‘स्ट्रॅटोकास्टर’ (१९५४) या नमुन्यात तीन पिकअप, अंगाला टोचू नयेत म्हणून गोलावलेल्या कडा आणि दांडा दाबून सर्व तारांचे सूर एकदम उतरविणारी स्प्रिंगयुक्त घोडी आहे. तिच्या कळीला आरंभी तीनच स्थाने होती. वादकांनी कळ दोन स्थानांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजविले; त्यातून निघालेला पोकळ, काचेसारखा नाद इतका रुचला, की कंपनीने १९७७ पासून पाच स्थानांची कळ बसविली. तरंगती घोडी ही या वाद्याची शोभा व अडचणही आहे : एक तार बोटाने ताणली, की घोडी किंचित झुकून इतर तारा उतरतात. जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०) याने याच घोडीच्या दांड्यातून अपूर्व परिणाम साधले.

गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये वादक लेस पॉल (१९१५–२००९) याच्या नावाने भरीव गिटार काढली. महॉगनीचे अंग, त्यावर मेपलचा थर व सरसाने जोडलेली दांडी ही तिची घडण. १९५७ पासून तीत हंबकर आले. तिचा नाद घट्ट व दीर्घकाळ टिकणारा भासतो. मात्र वजन अनेकदा ४ किग्रॅ. व त्याहूनही अधिक असते आणि दांडी १६ व्या पडद्याजवळच अंगाला मिळत असल्याने शेवटच्या पडद्यांपर्यंत हात पोहोचविणे कष्टाचे होते. मागणी घटल्याने १९६१ मध्ये या घाटाऐवजी हलका, दोन्ही बाजूंनी कोरलेला नमुना आला. तोच पुढे ‘एसजी’ म्हणून ओळखला गेला. त्यात वरचे पडदे मोकळे झाले, पण वाद्य दांडीकडे झुकू लागले. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन याने जुन्या लेस पॉलचा हंबकर तापलेल्या नलिका-विवर्धकास जोडून काढलेला भरड नाद ध्वनिमुद्रिकेतून सर्वत्र पोहोचला आणि १९६८ मध्ये कंपनीला मूळ घाट पुन्हा सुरू करावा लागला.

‘ईएस-३३५’ (१९५८) या गिब्सनच्या नमुन्यात दोन्ही बाजू पोकळ असून मधोमध मेपलचा भरीव ठोकळा आहे. त्यामुळे पोकळ गिटारीचा मोकळा नाद व भरीव गिटारीचे स्थैर्य यांचा मेळ बसतो. जॅझ व ब्लूज या दोहोंत ती चालते. रिकनबॅकरची बारा तारांची ‘३६०/१२’ ही १९६४ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनमुळे प्रसिद्धीस आली. तिच्या चार खालच्या जोड्यांत एक तार सप्तकाने वर मिळविलेली असते, त्यामुळे नाद झणकारतो; पण अरुंद दांडीवर बारा तारा दाबताना मोठी बोटे अडखळतात.

वादनसुलभता : हातास जाणवणारे भेद काही मिलिमीटरांचे असतात. फेंडरच्या तारेची कंपनक्षम लांबी ६४·८ सेंमी., तर गिब्सनची सु. ६२·९ सेंमी. आहे. तीच तार त्याच स्वरात मिळविल्यास तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ ३ टक्के अधिक लांबीमुळे फेंडरवर ताण सु. ६ टक्के अधिक येतो. तार आडवी ताणून स्वर चढविताना गिब्सन मऊ वाटते ती यामुळे. पॉल रीड स्मिथ याने १९८५ पासून ६३·५ सेंमी. ही मधली लांबी रूढ केली. दांडीवरील पट्टीचा बाकही महत्त्वाचा असतो. जुन्या फेंडरच्या पट्टीची वक्रता-त्रिज्या १८·४ सेंमी. असून तीवर स्वरसंघात धरणे सोपे जाते. पण तारा पट्टीला फार जवळ आणल्यास ताणलेली तार पुढच्या पडद्यावर घासून स्वर गुदमरतो. गिब्सनच्या ३०·५ सेंमी. त्रिज्येच्या चपट्या पट्टीवर हे कमी घडते. तारांची उंची, जाडी व पडद्यांची झीज यांनीही अनुभव पालटतो. नीट न जुळविलेली महाग गिटार नीट जुळविलेल्या साध्या गिटारीपेक्षा वाजविण्यास कठीण ठरते.

लाकडाचा प्रश्न : लाकडाचा परिणाम मुळीच नसतो असे नव्हे. दांडीच्या स्वाभाविक कंप्रतेशी एखाद्या पडद्यावरील स्वर जुळल्यास तारेची ऊर्जा दांडीत जाते व तेवढाच स्वर लवकर विरतो. परंतु हा परिणाम एकाच जातीच्या दोन दांड्यांतही वेगळा असतो. त्यावरून महॉगनी ‘उबदार’ व मेपल ‘तेजस्वी’ असा नियम काढता येत नाही. लाकडाच्या निवडीमागे उपलब्धता, वजन व टिकाऊपणा ही कारणे अधिक प्रबळ आहेत. पट्टीसाठी वापरला जाणारा ब्राझीलचा शिसवी दुर्मिळ झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात त्याची जागा भारतीय शिसवीने घेतली. पश्चिम घाटात हा वृक्ष आढळतो. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले व २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली.

भारतात विद्युत् गिटार प्रथम मुख्यत्वे हवाइयन प्रकारात लोकप्रिय झाली. व्हॅन शिपली याच्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका त्या काळी गाजल्या. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभी धरून वाजवावयाची गिटार रुळली. हरे राम हरे कृष्ण (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीताचा प्रारंभिक गिटारखंड गायक भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांनी वाजविला आहे.

नमुन्यांची तुलना करताना विवर्धक, जोडतार, तारांचा संच व त्यांची उंची समान असणे आवश्यक असते; एरवी ऐकू येणारा भेद कशाचा आहे हे सांगता येत नाही. विवर्धकावरील एक बटण फिरविल्याने होणारा बदल दोन गिटारींतील भेदाहून बरेचदा मोठा असतो. तरीही नमुन्याची निवड निरर्थक ठरत नाही. ताण, वजन व पडद्यांची पोहोच यांनुसार वादकाचा हात वेगळा चालतो, आणि अखेरीस नादाची जाती त्या हाताच्या आघातावरही अवलंबून असते.