विद्यार्थ्याची वही आणि गांवचें पाणी

समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग बनतात, ढगांतून पाऊस पडतो आणि तें पाणी नद्यांवाटे पुन्हां समुद्रास मिळतें, हें जलचक्र प्रत्येक शाळेंत शिकविलें जातें. परंतु आपल्या शिवारांत पडलेल्या पाण्यापैकीं किती वाहून गेलें, किती उडून गेलें आणि किती विहिरीच्या वांट्यास आलें, हें पुस्तकांतील चित्रावरून कळत नाहीं. तें मोजूनच जाणलें पाहिजे. आणि हें काम शेतकऱ्याच्या शाळकरी मुलास साधण्यासारखें आहे, असें आमचें मत आहे.

अशा मोजणीस मोठा शास्त्रज्ञच लागतो असें नाहीं. फ्रान्समधील पिअर पेरो हा गृहस्थ मूळचा वसुली खात्यांतील अधिकारी. नद्या भरण्यास पाऊस अपुरा आहे, असा त्या काळीं अनेक विद्वानांचा समज होता. पेरो यानें सेन नदीच्या उगमाकडील पाऊस व नदीचा वर्षभराचा प्रवाह यांचा हिशेब घातला, तों पाऊस सुमारें सहापट भरला! हा हिशेब १६७४ सालीं प्रसिद्ध झाला.

आपल्या मुलांनीं तीन नोंदी ठेवाव्या. पहिली पावसाची. सरळ कडांचा डबा घरें व झाडें यांपासून दूर, उघड्या जागीं बसवावा आणि रोज सकाळीं ८॥ वाजतां त्यांतील पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजून डबा रिता करावा. दुसरी बाष्पीभवनाची. सरळ कडांचें रुंद पातेलें पाण्यानें भरून, वर जाळी घालून उन्हांत ठेवावें आणि पाणी रोज किती उतरलें तें लिहावें. पाऊस झाला असल्यास तो हिशेबांत धरावा. तिसरी विहिरीची. काठावर खूण करून, पंप सुरू होण्यापूर्वीं, तेथून पाण्यापर्यंतचें अंतर दर आठवड्यास दोरीनें मोजावें. मात्र त्या वेळीं वडीलधारें माणूस जवळ असलेंच पाहिजे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर १०,००० लिटर पाणी. पांचशें हेक्टरांच्या शिवारांत वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तें पाणी २०० कोटी लिटर होतें. हा आंकडा पाहून कोणासहि आपण श्रीमंत आहों असें वाटेल. परंतु पातेल्याची नोंद लगेच सावध करील. पानांच्या डहाळीस पारदर्शक पिशवी बांधून उन्हांत ठेवली असतां आंत थेंब जमतात. म्हणजे पिकेंहि पाणी हवेंत सोडीत असतात. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी सांठविण्यास पोकळी थोडीच; म्हणून विहीर लवकर भरते आणि लवकर तळ गांठते.

अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें अल्प पावसाचें गांव. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं गांवानें पाणी अडविलें, सिंचनासाठीं विंधनविहिरी न घेण्याचें व ऊस-केळीसारखीं पिकें टाळण्याचें ठरविलें, आणि पुढें पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचीं पिकें निवडण्याचा प्रघात पाडला. विद्यार्थ्याची वही म्हणजे याच ताळेबंदाचें पहिलें पान होय.

शिक्षकांस व पालकांस आमची एक विनंती आहे. उत्तर आधीं सांगूं नका. मुलाची एखाद्या दिवसाची नोंद चुकली, तर ती जागा कोरीच राहूं द्या. अंदाजानें भरलेला आंकडा कोऱ्या जागेपेक्षां अधिक घातक असतो. आणि दोन-तीन वर्षांची वही जमल्यावर, दिवाळीच्या सुमारास, हरभरा पेरावा कीं ऊस लावावा हा विचार चालला असतां ती वही मागवा. विहीर गतवर्षापेक्षां दोन हात खालीं आहे असें मुलानें दाखविलें, तर तो लहान आहे म्हणून त्यास गप्प बसवूं नका. चैत्रांत वाळणारें पीक आणि डोक्यावर वाढणारें कर्ज टाळण्याची ती वेळ असते.