खुर्द्याचा धातू : बाजारुकोपासून पोलादी रुपयापर्यंत

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात मासळी, मीठ, भाजीपाला अशा किरकोळ खरेदीविक्रीत जे नाणे हातोहात फिरे, त्यास बाजारुको म्हणत. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोव्यात ते तांब्यात काढले. पुढे गोव्याप्रमाणेच चौल, वसई, दमण, दीव येथेही हे हलके नाणे पाडण्यात येऊ लागले आणि तांब्याची जागा बव्हंशी कथील व शिसे यांनी घेतली.

याचे कारण उघड होते. तांबे महाग असून तोफा ओतण्यासाठीही ते लागे. उलट, १५११ मध्ये मलाक्का हाती आल्यापासून मलाया द्वीपकल्पातील कथील पोर्तुगीज जहाजांतून या किनाऱ्यावर सुलभपणे येत असे. त्यास ते ‘कालाइं’ म्हणत. आपला ‘कल्हई’ हा शब्द त्याच कुळातील होय. मुंबईतील इंग्रजांनीही १६७२ च्या सुमारास कथलाची नाणी काढली, आणि अठराव्या शतकात तेथे शिसे-जस्ताच्या जातीच्या धातूंचा पैसा चालला.

परंतु कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तर तांब्यास सुमारे १,०८५ अंश उष्णता लागते. कल्हईवाल्याच्या भट्टीवर जो धातू पाणी होतो, त्याचे ओतीव नाणे खोटे करणे कितीसे अवघड? सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन यानेही बाजारुको हे हलक्या कथलाचे ओतीव नाणे असल्याचे नमूद केले आहे. तांब्याच्या शिवराईस हे भय कमी. मात्र तांब्याचा भाव हालला की रुपयास मिळणाऱ्या शिवराया कमीअधिक होत. सराफ बट्टा घेई आणि तोटा रोजंदारीवर जगणाऱ्यास बसे.

खुर्द्याच्या धातूची अडचण ती हीच. तो फार स्वस्त व मऊ असेल तर बनावट नाण्यांस वाव मिळतो. दर्शनी किमतीहून महाग झाला तर नाणी मुशीत जातात. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. नाणे पाडण्याचा खर्च दर्शनी किमतीहून अधिक असणे शासनास सोसवते, कारण एकच नाणे वर्षानुवर्षे हजारो व्यवहार पार पाडते. शासकीय टांकसाळीने २०१८ मध्ये माहिती अधिकारान्वये दिलेल्या उत्तरानुसार एक रुपयाच्या नाण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. पण नुसत्या धातूचीच किंमत दर्शनी किमतीपुढे गेली, तर चलनातून नाणी नाहीशी होण्यास वेळ लागत नाही.

स्वतंत्र भारतातील बदल याच दृष्टीने पाहावेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली तेव्हा नवा पैसा कांस्याचा, दीड ग्रॅम वजनाचा होता. १९६२ मध्ये तो निकेल-पितळेचा झाला. १९६५ पासून पाऊण ग्रॅमचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पैसा आला. तो इतका हलका की पाण्यावर तरंगविण्याचा खेळ मुले खेळत. रुपयाची कथाही निराळी नाही. १९७५ मधील तांबे-निकेलचे ८ ग्रॅमचे नाणे १९८३ मध्ये ६ ग्रॅमवर आले. १९९२ मध्ये सुमारे १७ टक्के क्रोमियम असलेल्या गंजरोधक पोलादाचे ४.८५ ग्रॅमचे नाणे निघाले, तर २०११ पासून ते ३.७९ ग्रॅमचे झाले. हे पोलाद लोहचुंबकास चिकटते, ठसा कठीण धातूवर उमटवावा लागतो आणि झीज अल्प होते. गावठी भट्टीवर त्याची नक्कल करणे शक्य नाही.

२५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून काढून घेण्यात आली. ५० पैशांचे नाणे मात्र कायदेशीर चलन आहे, जरी आठवडी बाजारात ते नाकारले जाते. नाणे अधिनियम, २०११ अन्वये ही नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्यास, तर एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास चालतात. नाणी वितळविणे याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. घरपट्टी, पाणीपट्टी वा बाजारकर वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांस या तरतुदी ठाऊक असणे अगत्याचे आहे.