दोन क्रॉसमधला शाफ्ट

खंडेनवमीला निपाणीच्या पट्ट्यात ट्रॅक्टर धुतला जातो, त्याला झेंडूच्या माळा चढतात, बॉनेटवर हळद-कुंकू लागतं. रोटरलाही हार पडतो. या दोघांना जोडणारा पीटीओ शाफ्ट मात्र बहुतेक वेळा शेडच्या कोपऱ्यात मातीनं माखलेला तसाच पडून असतो. रोटर असो, मळणी यंत्र असो की उसाचं पाचट कुटणारा मल्चर असो, इंजिनाची ताकद त्यांच्यापर्यंत पोचते ती याच शाफ्टातून. बिघाडही इथं लवकर होतात आणि अपघात झाला तर तो भयंकर असतो.

आपला भाग यंत्रांना नवखा नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं इथंच कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले, आणि १९१० मध्ये तो उद्योग कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावच्या उद्यमबागेत आजही फाउंड्र्या आणि लेथ चालू आहेत. शाफ्ट दुरुस्त करणारे हात इथं हवे तेवढे आहेत. दुरुस्तीची पाळीच येऊ नये म्हणून करायची कामं मात्र राहून जातात.

इंजिनाची ताकद फिरत्या शाफ्टानं मागच्या अवजाराला देण्याची सोय, म्हणजेच पीटीओ, अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९१८ च्या सुमारास विक्रीच्या ट्रॅक्टरवर आणली. पुढच्या दशकात तिथल्या कृषी अभियंत्यांनी वेग ठरवून दिला आणि तो जगभर रूढ झाला : मिनिटाला ५४० फेरे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागं दिसणारी सहा दात्यांची, ३५ मिलिमीटर जाडीची दांडी याच वेगाची. पीटीओवर ४० अश्वशक्ती येत असेल तर या वेगाला शाफ्टावर पडणारा पीळ म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला पन्नास-पंचावन्न किलो वजन टांगल्याइतका. रोटरच्या पात्याला दगड लागला की तो क्षणात याच्या कितीतरी पट होतो.

हा पीळ वाकड्या वाटेनं न्यायचा तर दोन्ही टोकांना क्रॉस लागतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं अभ्यासलेला हा सांधा एका बाबतीत मोठा लबाड आहे. एका बाजूनं एकसारखी गती दिली तरी तो वाकलेला असताना दुसऱ्या बाजूला ती एकसारखी येत नाही. सांधा ३० अंशांत वाकला असेल तर ५४० चा वेग पलीकडं ४६८ ते ६२४ असा खाली-वर होतो, एका फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला अठरा वेळा. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून भरून काढतो. त्याला अट दोन गोष्टींची : दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या नळीवरचे, क्रॉस धरणारे दोन्ही योक एका रेषेत हवेत.

दुसरी अट आपल्याकडं सहज मोडते. कित्येक शाफ्टांत चौकोनी नळीत चौकोनी दांडी असते. मळणी यंत्र दुसऱ्या शेतात न्यायला शाफ्ट ओढून वेगळा केला, पुन्हा घाईत जोडला, आणि दांडी एक कोपरा फिरून बसली तर चूक भरून निघायची सोडून दुप्पट होते. त्याच ३० अंशांत वेग ४०५ ते ७२० मध्ये हेलकावे खातो. मग अख्खं मळणी यंत्र थरथरतं, बेअरिंग जातात, वेल्डिंगला चिरा पडतात आणि दोष यंत्राच्या कंपनीला दिला जातो. शाफ्ट जमिनीवर ठेवून दोन्ही टोकांचे योक एका पातळीत आहेत का, हे नुसतं डोळ्यांनी कळतं. एकदा बरोबर बसवून नळी-दांडीवर ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली की कुणी जोडला तरी चुकणार नाही.

एकाच शाफ्टावर रोटर, मल्चर आणि मळणी यंत्र चालवणारेही पुष्कळ आहेत. लांबीचा घोटाळा तिथं होतो. अवजार जोडून लिफ्ट हळूहळू वर-खाली करावी आणि अंतर कुठं सर्वांत कमी, कुठं सर्वांत जास्त होतं ते मोजावं. कमीत कमी अंतरालाही दांडी नळीच्या तळाला टेकता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे राहावेत. टेकली तर धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो आणि सीलमधून ऑइल गळू लागतं. जास्तीत जास्त अंतरालाही एकतृतीयांश लांबी एकमेकांत राहायला हवी. कापायची वेळ आली तर नळी, दांडी आणि वरचं कव्हर सारखंच कापावं, कडा कानशीनं घासाव्यात आणि लोखंडाचा कीस पुसून ग्रीस लावावं.

ग्रीस म्हटलं की लोक नळीला लावतात आणि क्रॉस विसरतात. कामाच्या दिवसांत क्रॉसच्या निप्पलला रोज, साधारण आठ तासांनी, गन लावायला हवी. दोन-तीन दाब दिल्यावर चारही टोप्यांच्या कडेनं ताजं ग्रीस डोकावलं पाहिजे. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर तिथल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या फिरताहेत. अशा टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. ती दिसली की क्रॉस बदलायला काढावा, नाहीतर तो भर हंगामात शेताच्या मधोमध तुटतो.

आपल्याकडं दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, त्यामुळं बांध हरघडी येतो. वळताना रोटर पीटीओ चालू ठेवूनच उचलला जातो आणि ज्या कोनात क्रॉस कधीच फिरू नये त्या कोनात तो फिरतो. खडखड आवाज येतो तो त्याचाच. पीटीओ बंद करून उचलणं उत्तम. ते दरवेळी जमत नसेल तर पाती जमिनीपासून सुटतील एवढंच उचलावं आणि लिफ्टच्या लिव्हरला अटकाव लावून ठेवावा. सुरू करताना रेस कमी, क्लच सावकाश, मग मीटरवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत. खोडव्यात ठिबकची नळी किंवा तार गुंडाळून शेअर बोल्ट तुटला तर त्यानं आपलं काम केलं असं समजावं. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे चार बोल्ट टूलबॉक्समध्ये असले की वैतागून जास्त कठीण बोल्ट ठोकायची बुद्धी होत नाही. तसा ठोकला तर पुढच्या दगडाला गिअर तुटतो.

आता कव्हर. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून ते काढून टाकतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. सेकंदाला नऊ फेरे म्हणजे उघडी ३५ मिलिमीटरची दांडीसुद्धा सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळते. नळी आणि योक जाड, ते त्याहून जास्त ओढतात. सोयाबीनच्या मळणीला गंजीवरून पेंढ्या आणणाऱ्या बायकांचा पदर, कुणाच्या गळ्यातला टॉवेल, एखाद्या पोरीची ओढणी. काय झालं हे कळायच्या आत माणूस शाफ्टावर असतो, आणि ड्रायव्हरचा हात लिव्हरवर असला तरी तेवढ्यात ट्रॅक्टर थांबत नाही. मळणी यंत्रांवरचे अपघात इतके झाले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला. पण कोणत्या शेतात कव्हर निघालं हे बघायला कायदा येत नाही.

कव्हरची साखळी ट्रॅक्टरच्या न हलणाऱ्या भागाला अडकवलेली असली म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि कव्हर स्थिर राहतं. इंजिन बंद असताना कव्हर हातानं फिरवून बघावं. ते मोकळं फिरलं तर बरं, अडकलं तर त्याच्या बुशिंगला ग्रीस हवं. फिरत्या शाफ्टावरून ओलांडून जायचं नाही, पलीकडं जायचं तर ट्रॅक्टरला वळसा घालून. पाचट अडकलं तर आधी पीटीओ सोडायचा, मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच हात घालायचा. मळणीला भाड्याचं यंत्र सांगताना दराबरोबर शाफ्टला कव्हर आहे का हेही विचारावं, आणि नसेल तर ते बसवून आणायला सांगावं. त्यासाठी अख्खा शाफ्ट बदलावा लागत नाही. कव्हर सुटं मिळतं; जुन्या शाफ्टाची लांबी आणि क्रॉसचं माप कागदावर लिहून नेलं की काम होतं.