एलईडीचा उजेड आणि साडीचा खरा रंग

६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. बिल कमी झालं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हा उजेड येतो कुठून, ते आज समजून घेऊ. शिवणकाम करणाऱ्या बायांना याचा चांगला उपयोग आहे.

जुन्या बल्बात तार तापते म्हणून उजेड पडतो. एलईडीत तार नसते. त्यात मोहरीपेक्षाही लहान स्फटिक असतो. तुरटीचा खडा जसा स्फटिक, तसाच हा, पण प्रयोगशाळेत वाढवलेला. त्यात तीन द्रव्यं असतात: गॅलियम, इंडियम आणि नायट्रोजन. वीज सोडली की त्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतात आणि उतरताना उजेड देतात. पायरी उंच असेल तर उजेड निळा, थोडी बुटकी असेल तर हिरवा.

पायरीची उंची ठरते मिश्रणावरून. हळदीत चुना कमी-जास्त घातला की रंग पिवळ्यापासून लालपर्यंत बदलतो ना? इथली क्रिया वेगळी आहे, पण प्रमाणाचं महत्त्व तसंच. इंडियम वाढवलं की निळा रंग हिरव्याकडे सरकतो.

लाल एलईडी १९६२ मध्येच अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनवला. तोही तीन द्रव्यांचाच होता: गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस. झगझगीत निळा मिळायला मात्र आणखी तीस वर्षं लागली. त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

निळा एवढा महत्त्वाचा का? कारण आपला पांढरा दिवा आतून निळाच असतो. मोबाईलची बॅटरी बंद असताना तिच्या दिव्याकडे पाहा. पिवळा ठिपका दिसेल. तो पिवळा लेप थोडा निळा उजेड गिळतो आणि पिवळा उजेड देतो. दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. रात्री दिव्याखाली जुळवलेला फॉल सकाळी उन्हात वेगळाच दिसतो. उन्हात सगळे रंग भरपूर असतात. हलक्या एलईडीत लाल कमी पडतो. मग मरून आणि तपकिरी सारखेच वाटतात, गिऱ्हाईक साडी परत आणतं आणि मेहनत वाया जाते.

उजेडात कोणते रंग किती आहेत, हे शास्त्रज्ञ वर्णपटमापक यंत्रानं पाहतात. स्फटिकाचा उजेड फोडून बघितला की त्यातल्या मिश्रणाचाही अंदाज येतो. आपण हेच जुन्या सीडीवर करू शकतो. पुठ्ठ्याला बारीक चीर पाडा. अंधाऱ्या खोलीत तो दिव्यापासून हातभर दूर धरा. चिरेतून आलेला उजेड सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरपा पडू द्या. पिवळ्या बल्बाचा पट्टा सलग दिसेल. एलईडीत ठळक निळा, मग थोडी फिकी जागा, मग हिरव्यापासून लालपर्यंत पट्टा. ज्या दिव्याचा लाल भरदार, तो कापडासाठी बरा. उन्हाचा उजेड मात्र सीडीवर घेऊन पाहू नका, डोळ्यांना इजा होते.

परतवाड्याच्या बाजारात बल्ब घेताना खोक्यावर ‘सीआरआय’ शोधा. रंग किती खरे दिसतील, याचे ते १०० पैकी गुण. घरासाठी ८० चालतात. शिवणयंत्राजवळ ९० च्या वरचा लावा. तो थोडा महाग पडतो, म्हणून गटात मिळून एकच घ्या आणि रंग जुळवायच्या टेबलावर लावा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरचा एक बल्ब आणि गटात मिळून एक जुनी सीडी आणा. कोणाचा बल्ब कसा, ते तिथंच कळेल.