घराच्या भिंतींचें बाहेरील आवरण

सुगी आटोपून पैका हातीं आला म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत घराच्या डागडुजीचा विचार येतो, आणि प्रथम नजर जाते ती रस्त्याकडील दर्शनी भिंतीकडे. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या आपल्या गांवांत दगडमातीचीं जुनीं माळवदी घरें व विटांचीं नवीं घरें शेजारीं शेजारीं दिसतात. या दोहोंस एकच आवरण लागू पडत नाहीं. तरी पुष्कळ घरधनी शेजाऱ्यानें केलें तेंच करितात, आणि दोनतीन पावसाळ्यांत खर्च वायां जातो. म्हणून बाहेरील आवरण कसें निवडावें याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

आवरणाचीं कामें तीन आहेत: पावसाचा मारा अडविणें, भिंतींत शिरलेली ओल बाहेर जाऊं देणें, आणि मागील भिंतीस धरून राहणें. पहिलें काम सर्वांच्या ध्यानांत असतें. बाकीच्या दोहोंचा विसर पडतो आणि नुकसान होतें. आवरण किती कठीण आहे यापेक्षां मागील भिंतीशीं त्याचें किती जमतें, हें पाहणें अधिक अगत्याचें आहे.

आधीं भिंत तपासावी. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी येथील भूकंपानें लातूर व धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. त्यांपैकीं बहुतेक आपल्याच घराखालीं दडपलीं. आपल्या जुन्या दगडी भिंतीचें बाहेरचें अंग घडीव दगडांचें, आंतलें अंग ओबडधोबड दगडांचें, आणि मध्यें कपच्या व माती भरलेली असते. म्हणजे एक जाड भिंत दिसली तरी वस्तुतः त्या दोन पातळ भिंती होत. धक्का बसतांच दोन्ही अंगें विलग झालीं, बाहेरचें ढासळलें, आणि मातीच्या जड माळवदास आधार उरला नाहीं. दर्शनी दगड कितीही देखणा असला तरी तो आंतल्या अंगाशीं बांधलेला नसेल तर उपयोग नाहीं, हें त्या पहांटे दिसून आलें.

म्हणून नवी दगडी भिंत बांधतांना उंचींत दर दोन फुटांवर व लांबींत दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा, आणि भिंतीची जाडी दीड फुटाहून अधिक ठेवूं नये. जुन्या भिंतीस ओळंबा लावून पाहावा. तिला पोट आलें असेल, किंवा काठीनें ठोकल्यास पोकळ आवाज येत असेल, तर तीवर कोणतेंही आवरण चढवूं नये. गिलाव्यानें दोष झांकतो, जात नाहीं. अशा भिंतीस आरपार भोंकें पाडून, त्यांत टोकें वाकविलेली सळई घालून काँक्रीट भरतां येतें. मात्र हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं व माळवदास टेकू देऊनच करावें.

मातीच्या भिंतीस मातीचेंच लिंपण चांगलें. त्यासाठीं पांढरीची माती घ्यावी. शेतांतील काळी माती ओलाव्यानें फुगते व उन्हानें आकसते, म्हणून तिच्या लिंपणास तडे जातात. मातींत गव्हाचा भुसा घालून ती कांहीं दिवस मुरूं द्यावी व नंतर शेण मिसळून लिंपावी. हें आवरण दर वर्षीं हात मागतें, पण त्यास लागतें तें सर्व घरचें असतें.

याहून टिकाऊ हवें असल्यास चुना वापरावा. नीट मुरविलेला चुना वाळूबरोबर मळून लावला म्हणजे तो हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू दगडासारखा होतो, तरी ओल बाहेर जाऊं देतो. घाई करूं नये. थर पातळ द्यावे आणि कांहीं दिवस ओलसर ठेवावे. दगड व चुना यांचा टिकाऊपणा पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच तालुक्यांतील नळदुर्गचा किल्ला, व बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८०-१६२७) बांधलेला बांध व त्याच्या पोटांतील पाणीमहाल, शतकानुशतकें पाण्याचा मार सोशीत उभे आहेत.

सिमेंटचा गिलावा पक्क्या विटांच्या घरास योग्य आहे. विटांच्या दरजा अर्धा इंच खरवडून, भिंत भिजवून, पहिला थर अर्ध्या इंचाचा व दुसरा पाव इंचाचा द्यावा. निदान सात दिवस पाणी मारावें. पण हाच गिलावा मातीच्या भिंतीवर दिला तर तो मातीस धरीत नाहीं. जमिनींतून चढलेली ओल मागें कोंडते, क्षार फुटून लोणा लागतो, आणि शेवटीं गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट गळून पडतो.

वीट उघडीच ठेवावयाची असल्यास पारखून घ्यावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज यावा. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यांत ठेवावी. तीन किलोच्या विटेनें सहाशे ग्रॅमहून अधिक पाणी प्यालें तर ती बाहेरच्या अंगास नको. दर्शनी फरशा लाविल्यास माणसाच्या डोक्याहून उंच जागीं त्या केवळ चिकटवूं नयेत; धातूच्या पकडींनीं भिंतीशीं जखडाव्या.

इंग्लंड-अमेरिकेकडे भिंतीवर लांकडी फळ्यांचें आवरण घालितात. आपल्याकडे वाळवी व ऊन यांपुढें तें टिकणें कठीण. परंतु तेथील एक युक्ति घेण्याजोगी आहे: फळी व भिंत यांमध्यें थोडी फट ठेवितात, म्हणजे आंत गेलेलें पाणी खालीं निथळतें व वारा ओल वाळवितो. पावसाच्या बाजूस पत्रा लावणें झाल्यास तो भिंतीस न चिकटवितां पट्ट्यांवर असाच उभारावा, व फट वर-खालीं मोकळी ठेवावी.

एवढें करूनही पाण्याची वाट न सुधारली तर सर्व व्यर्थ. भिंत बहुधा पायाशीं व माथ्याशीं बिघडते. जोतें उंच असावें. माळवदाची पन्हळ भिंतीपासून लांब पुढें काढावी. छपराच्या पागोळ्यांचे शिंतोडे उडतात तेथें जमिनीपासून दोनतीन फूट दगड व चुना यांचें काम करावें. पायाशीं उकिरडा किंवा जनावरांचें मूत सांचूं देऊं नये.

आमची सूचना एवढीच कीं, खर्चाचा क्रम पाणी, मग भिंतीची बांधणी, मग आवरण, व शेवटीं रंग असा ठेवावा. पैसा थोडा असेल तर शेवटचीं दोन पुढच्या सालावर टाकावीं. पहिलीं दोन टाकूं नयेत, कारण त्या भिंतींच्या आंत आपलीं मुलेंबाळें निजतात.