झोपी गेलेले टॅब

ब्राउझरच्या माथ्यावरील टॅबची पट्टी नखाएवढी दिसत असली, तरी तिच्यामागे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, बराच भाग अडकलेला असतो. कारण मजकूर, चित्रे आणि पान हलते ठेवणारा जावास्क्रिप्ट प्रोग्राम हे सर्व, वाचक दुसरीकडे वळला तरी, तेथे मांडून ठेवावे लागते. 2008 मध्ये आलेल्या क्रोमने टॅबना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची अलग स्मृती असलेल्या चालू कामांमध्ये, विभागले. त्यामुळे एक पान कोसळले तरी शेजारची पाने शाबूत राहू लागली, परंतु प्रत्येक प्रोसेसचा संसार वेगळा मांडावा लागल्याने रॅमची मागणी वाढली.

रॅम भरत आल्यावर बाहेर काय काढावे, हा प्रश्न ब्राउझरहून कितीतरी जुना आहे. ज्याची गरज भविष्यात सर्वांत उशिरा लागेल ते काढणे उत्तम, असे लास्लो बेलाडी यांच्या 1966 च्या शोधनिबंधातून पुढे आले. परंतु भविष्य यंत्राला कळत नसल्याने, ज्याला सर्वांत जास्त काळ हात लागलेला नाही तेच काढावे, अशी भूतकाळावर विसंबणारी रीत रूढ झाली. 2021 मधील फायरफॉक्स 93 टॅब रॅममधून काढताना शेवटच्या वापराची वेळ पाहतो, त्याबरोबर टॅबने किती रॅम व्यापली आहे हेही पाहतो.

मात्र माणसाच्या बाबतीत ही रीत उलटी पडते, कारण तीन आठवडे न उघडलेला टॅब पुष्कळदा पुढे वाचायचे म्हणूनच राखलेला असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोक टॅबचा उपयोग राहिलेल्या कामाची आठवण म्हणून करतात आणि बंद केलेले पान पुन्हा हाती लागणार नाही अशी धास्ती बाळगतात, असे आढळले. या दृष्टीने टॅब बंद न करता झोपवण्याची युक्ती फार समंजस आहे: रॅममधील पसारा जातो, पट्टी, शीर्षक व पत्ता जागेवर राहतात आणि क्लिक करताच पान नव्याने आणले जाते. आवाज चालू असलेले किंवा अर्धवट भरलेला फॉर्म असलेले टॅब क्रोम सहसा वगळतो, तेही योग्यच.

तरीही जपला जातो तो पत्ता, पान नव्हे. मधल्या काळात बातमी बदलली किंवा लॉगिनची मुदत संपली, तर जागा झालेला टॅब दुसरेच काही दाखवतो, आणि म्हणून जसाच्या तसा हवा असलेला मजकूर फाइल म्हणून उतरवून ठेवावा लागतो.