तबकडीतल्या लहरीला पायऱ्या फुटत नाहीत

घरातल्या जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवायचा बेत कुणी जाहीर केला, की एक जाणकार हमखास पुढे सरसावतो. "कशाला? रेकॉर्डमध्ये आवाजाची अखंड लहर असते. संगणक तिचे तुकडे करतो, मधलं सगळं गळून जातं." मग तो कागदावर एक डौलदार लहर काढतो, तिच्या अंगावर पायऱ्या रेखतो आणि लहर व पायऱ्यांमधल्या त्रिकोणी फटी पेन्सिलीने रंगवून म्हणतो, "हे बघा, एवढं गाणं गेलं!" हे चित्र पाठ्यपुस्तकांत आहे, महागड्या यंत्रांच्या जाहिरातींत आहे, आणि चुकीचं आहे.

सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली लहरीच्या उंचीची नोंद. प्रत्येक नोंद एका क्षणापुरती असते. दोन नोंदींच्या मध्ये लहर सपाट होती, असं फाईल कुठेही म्हणत नाही. पायरी काढतो तो चित्रकार. संगणकातून आवाज बाहेर पडताना या बिंदूंमधून पुन्हा लहर तयार होते, आणि ती अंदाजपंचे होत नाही. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले, तर त्यांतून जाणारं वर्तुळ एकच असतं, हे शाळेत सगळे शिकलेले असतात. वर्तुळाचा उरलेला परीघ 'हरवला' अशी तक्रार तेव्हा कुणी करत नाही. इथेही तसंच आहे. मूळ ध्वनीत नोंदींच्या दराच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्याच असतील, तर त्या बिंदूंमधून जाणारी, त्या मर्यादेतली लहर एकच निघते. नायक्विस्टने १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला, कोटेल्निकोव्हने १९३३ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये तो सिद्धांत म्हणून मांडला. मोबाईलवरचं प्रत्येक संभाषण याच गणितावर चालतं. ४४,१०० चं निम्मं २२,०५०, आणि माणसाचा तरुण, निरोगी कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशीनंतर तर तेवढंही नाही. आणि रेकॉर्डींवर वाद घालणारी बरीच मंडळी पन्नाशी ओलांडलेली असतात.

गणितावर विश्वास नसेल, तर प्रयोग आहे. झिफ या संस्थेच्या माँटी माँटगोमेरीने २०१३ मध्ये एक चित्रफीत केली. जुन्या, संपूर्ण अ‍ॅनालॉग यंत्रातून त्याने लहर सोडली, तिचं डिजिटलमध्ये आणि डिजिटलमधून परत अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर केलं आणि निकाल पुन्हा अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोपवर दाखवला. पडद्यावर पायरी एकही नाही. जशी लहर आत गेली, तशीच गुळगुळीत बाहेर आली.

"यंत्राला दिसत नाही, पण कानाला कळतं!" हा पुढचा पवित्रा. त्याचीही परीक्षा झाली आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. सीडीहून वरच्या दर्जाचं संगीत वाजत असताना ते अधूनमधून सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवलं, आणि कोणतं कोणतं ते ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून हेच जमलं असतं. पुढे २०१६ मध्ये रीस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा अचूकता सुमारे ५२ टक्के निघाली. म्हणजे अगदी बारीक फरक काही प्रशिक्षित कानांना काही वेळा जाणवत असावा. पण 'गाण्याचा आत्मा गेला' हे विधान या आकड्यांवर उभं राहत नाही.

खरा मासला २०२२ मध्ये अमेरिकेत मिळाला. मोबाईल फिडेलिटी साउंड लॅब ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी नावाजलेली. 'डिजिटलचा स्पर्श नसलेला आवाज' म्हणून रसिक तिच्या रेकॉर्डी वाखाणत. मग उघड झालं, की त्यातल्या कित्येक रेकॉर्डी २०११ पासून डिजिटल टप्प्यातून जात होत्या. ग्राहक कोर्टात गेले, सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीने प्रकरण मिटलं. कंपनीचं डीएसडी नावाचं डिजिटल तंत्र सीडीपेक्षा सूक्ष्म होतं, हे मान्य. पण डिजिटलचा वारा लागताच लहर मरते म्हणणाऱ्या रसिकांनी इतकी वर्षं याच रेकॉर्डी वाखाणल्या, त्याचं काय?

हा समज इतका चिवट का, याची कारणंही आहेत. अनेकांनी 'डिजिटल' म्हणून पहिल्यांदा ऐकलं ते पिळून बारीक केलेलं एमपीथ्री. नंतरच्या काळात सीडींचा आवाज कृत्रिमरीत्या चढवण्याची चढाओढ लागली, आणि तेच गाणं एलपीवर खरोखर मोकळं वाटू लागलं. पण दोष आवाज चढवणाऱ्याचा, नोंदवहीचा नव्हे. ती एलपी संगणकावर उतरवली, तर तिची ऊबसुद्धा फाईलमध्ये येते. खरखरीसकट.

मग अभिलेखागारं ९६ किलोहर्ट्झ आणि प्रत्येक नोंदीला २४ बिट का वापरतात? आयएएसए या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे. तिचं कारण पायऱ्या नव्हे. २४ बिटमध्ये पातळी खाली ठेवून मुद्रण करता येतं. रेकॉर्डवरचा ओरखडा मध्येच जोरात कडाडला, तरी लहरीचा माथा कापला जात नाही. कापलेला माथा परत मिळत नाही. घरीसुद्धा सर्वांत उंच आवाज शून्य डेसिबलच्या सहा ते दहा डेसिबल खाली राहील, इतकं सांभाळलं की पुरे. ओडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर ही पातळी समोरच दाखवतं.

नुकसान खरंच होतं, पण ते संगणकाच्या अलीकडे. टर्नटेबलची वायर थेट माईकच्या भोकात खुपसणारे 'डिजिटल आवाज चिरका येतो' म्हणून कपाळाला हात लावतात. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, आणि एलपी कापतानाच मंद्र स्वर दाबलेले आणि तार स्वर उचललेले असतात. आरआयएए नावाचं हे प्रमाण १९५४ पासूनचं. फोनो प्रीअँप ते उलटं फिरवून आवाज पूर्ववत करतो. तो नसेल तर पखवाजाचा घुमारा गायब होतो आणि झांजा डोक्यात जातात. टर्नटेबलच्या मागे 'लाईन' असं लिहिलेलं बटण असेल, तर प्रीअँप आतच आहे, दुसरा जोडू नये.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची गोष्ट वेगळीच. आरआयएए त्यांना लागू नाही. १९२५ च्या आधीच्या तर कर्ण्यात गाऊन नोंदलेल्या, त्यांत विजेचा संबंधच नाही. सुईही एलपीची चालत नाही. एलपीची सुई टोकाला साधारण २५ मायक्रॉन, ७८ ची ७५ च्या आसपास; बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळत केर गोळा करते. आणि '७८ म्हणजे ७८' हा समज तर गायकाची पट्टीच बदलून टाकतो. सुरुवातीच्या काळात वेग पक्का ठरलेला नव्हता. वेग सहा टक्क्यांनी चढला, की काळी एकमध्ये गाणारा गवय्या पांढरी दोनमध्ये पोचतो, तानाही तेवढ्याच चपळ होतात. मग त्याच्या 'विलक्षण द्रुत' तानांवर लेख लिहिले जातात! पेटीची साथ असेल तर तिच्या पट्टीवरून, त्याच गायकाच्या दुसऱ्या मुद्रणांवरून वेग ताडून पाहावा लागतो. ७८ चा टर्नटेबल नसेल तर तबकडी ४५ वर वाजवून संगणकात वेग वाढवता येतो. सुई मात्र ७८ चीच हवी, आणि प्रीअँपने लावलेली आरआयएए दुरुस्ती वेग वाढवण्याआधी काढून टाकायला हवी.

बाकीचे समज थोडक्यात. स्पिरिटने रेकॉर्ड चकचकीत होते: लाखेची असेल तर विरघळते, लाकडाला पॉलिश करणारे चपडा त्यातच विरघळवतात. मोनो रेकॉर्डला एकच वाहिनी पुरते: दोन्ही घ्याव्यात, नंतर एकत्र केल्या की खाचेतली उभी खरखर बरीचशी आपसात कटते. सॉफ्टवेअर सगळी खरखर काढतं: जोर केला तर तबल्याची 'ता' ओरखडा समजून कापतं आणि तंबोऱ्याची जवारी पुसतं, म्हणून न धुतलेली मूळ फाईल वेगळी ठेवावी. फाईल प्रचंड होते: चाळीस मिनिटांची एलपी सीडीच्या दर्जात सव्वाचारशे एमबीच्या आसपास बसते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी, तीही काही न गमावता.

आणि 'रेकॉर्ड विकत घेतली, म्हणजे गाणं माझं, हवं तिथे टाकीन' हाही समजच. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या मुद्रणांवरचा तो संपला आहे, पण शब्दांचे आणि चालीचे हक्क स्वतंत्र असतात, आणि ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतात. स्वतःपुरतं ऐकण्यासाठी उतरवून ठेवणं निराळं. ती फाईल चारचौघांसाठी खुली करण्याआधी लेबलावरचं नाव आणि साल बघावं लागतं.